इंग्रजीचा होमवर्क घेताना आधी पूर्ण वाक्य बघा

ताई, तुमचा प्रश्न मी थोडक्यात परत मांडते, म्हणजे बाकीच्या पालकांनाही समजेल. मुलगी नववीत आहे, सेमी इंग्लिश, बाकी विषयांत बरी आहे पण इंग्रजीचा होमवर्क आला की अडून बसते. कधी पॅसिव्ह करायचं असतं, कधी शब्दाची जात ओळखायची असते, कधी कवितेतली फिगर ऑफ स्पीच. ती तुम्हाला स्वयंपाकघरात येऊन एकच शब्द विचारते, 'आई, राउंड नाउन आहे का ॲडजेक्टिव्ह?' मग मोबाइलवर एक उत्तर मिळतं, गाइडमध्ये दुसरंच असतं, ट्यूशनचे सर तिसरं सांगतात. तुमचं शिक्षण मराठी मीडियमचं, त्यामुळे यातलं बरोबर कोणतं हे ठरवायचं कसं, आणि आपल्याला यात मदत करता येते का, असं तुम्ही विचारलं आहे. सोबत वहीतले काही प्रश्नही पाठवले आहेत.

मी नागपुरातच आठवी ते बारावीच्या मुलांना बरीच वर्षं इंग्रजी शिकवून राहिली आहे, त्यामुळे हे प्रश्न मला रोजचे आहेत. पहिली गोष्ट सांगते. ती तीनही उत्तरं बरोबर असू शकतात, कारण प्रश्नच अर्धा विचारलेला आहे. इंग्रजीत शब्दाला कायमची जात नसते, तो त्या वाक्यात काय काम करून राहिला त्यावर ती ठरते. 'द अर्थ इज राउंड' मध्ये राउंड ॲडजेक्टिव्ह, 'ही लॉस्ट इन द फर्स्ट राउंड' मध्ये नाउन, 'द कार राउंडेड द कॉर्नर' मध्ये व्हर्ब, 'वी सॅट राउंड द टेबल' मध्ये प्रिपोझिशन आणि 'शी टर्न्ड राउंड' मध्ये ॲडव्हर्ब. एकच शब्द, पाच कामं. हे काही इंग्रजीचंच नखरेल वागणं नाही, आपल्याकडेही 'चांगला मुलगा' म्हटलं की चांगला हे विशेषण होतं आणि 'तो चांगला खेळतो' म्हटलं की क्रियाविशेषण होतं, फक्त मराठी आपण आईच्या मांडीवर शिकतो म्हणून तिथे अडत नाही. म्हणून मुलीने नुसता शब्द विचारला तर उत्तर देऊच नका, वही मागा, पूर्ण वाक्य मोठ्याने वाचायला लावा, शक्य असेल तर आधीचं आणि नंतरचं वाक्यही. माझ्या अनुभवात वाचता वाचताच अर्ध्या मुलांना उत्तर सापडून जातं. आणि हे करायला तुम्हाला इंग्रजी चांगलं यायची गरजच नाही.

तुमच्या यादीतला क्लॉजचा, म्हणजे वाक्याच्या पोटातल्या उपवाक्याचा प्रश्न बघा, कारण त्यात हीच गोष्ट सगळ्यात स्वच्छ दिसते. मुलगी पाठ करून बसली आहे की 'व्हेन आला म्हणजे ॲडव्हर्ब क्लॉज', आणि तिचं उत्तर चुकलं. वाक्य होतं 'आय डोन्ट नो व्हेन ही विल कम.' आता इथे तो 'व्हेन'चा अख्खा तुकडा काढून त्या जागी 'इट' ठेवा, 'आय डोन्ट नो इट', वाक्य उभं राहिलं की नाही? मग तो तुकडा नाउनचं काम करतो आहे, नाउन क्लॉज. आता 'कॉल मी व्हेन ही कम्स' घ्या. 'कॉल मी इट' चालतच नाही, पण 'कॉल मी देन' चालतं, म्हणजे वेळ सांगतो आहे, ॲडव्हर्ब क्लॉज. आणि 'आय रिमेंबर द डे व्हेन ही केम' मध्ये व्हेनचा तुकडा 'डे'ला चिकटलेला आहे, कोणता दिवस ते सांगतो, म्हणून ॲडजेक्टिव्ह क्लॉज. सुरुवातीचा शब्द बघून क्लॉज ठरवायचा हा शॉर्टकट कितीतरी गाइडमध्ये छापलेला असतो आणि तो मला अजिबात पटत नाही, कारण पेपर काढणारे नेमकं तिथेच पकडतात.

आयएनजीचंही तसंच. 'स्लीपिंग बॅग' आणि 'स्लीपिंग चाइल्ड' यात फरक काय, हा प्रश्न तिला परीक्षेसाठी नाही तर समजण्यासाठी विचारा. मूल झोपलेलं आहे, बॅग झोपलेली नाही, बॅग झोपण्यासाठी आहे. म्हणून पहिलं जेरंड आणि दुसरं पार्टिसिपल. जिथे 'झोपण्यासाठी', 'पोहणं', 'वाचणं' असं क्रियेचं नाव म्हणून येतं तिथे जेरंड, जिथे 'झोपलेलं', 'धावणारा', 'हसत हसत' असं कुणाचं तरी वर्णन होतं तिथे पार्टिसिपल. आणि पार्टिसिपलने वाक्य सुरू झालं की पुढचा कर्ता तोच असला पाहिजे. 'वॉकिंग अलाँग अंबाझरी लेक, अ डॉग बिट मी' असं एका पोराने लिहून आणलं होतं, त्यात फिरायला कुत्रा गेला होता असा अर्थ होतो. 'व्हाइल आय वॉज वॉकिंग अलाँग अंबाझरी लेक' असं केलं की भानगड मिटली.

आता पॅसिव्ह, यावर थोडं जास्त बोलते कारण मराठी मुलांचा गोंधळ इथे वेगळ्याच कारणाने होतो आणि ते कारण वर्गात फार कमी वेळा सांगितलं जातं. शाळेत शिकवतात की ॲक्टिव्ह म्हणजे कर्तरी आणि पॅसिव्ह म्हणजे कर्मणी. मराठीच्या तासाला मात्र मूल शिकतं की 'रामाने आंबा खाल्ला' हा कर्मणी प्रयोग, कारण क्रियापद आंब्याप्रमाणे बदलतं, 'रामाने पोळी खाल्ली'. मग ते म्हणतं, कर्मणी म्हणजे पॅसिव्ह, तर 'राम एट अ मँगो' पॅसिव्ह झालं! पण ते इंग्रजीत सरळ ॲक्टिव्ह आहे. मराठी प्रयोग क्रियापद कुणाप्रमाणे बदलतं यावर ठरतो, इंग्रजी व्हॉइस वाक्याच्या कर्त्याच्या जागी करणारा बसला आहे की सोसणारा यावर ठरतो. दोन वेगळी मापं आहेत. इंग्रजी पॅसिव्हच्या जवळ जाणारं मराठी वाक्य म्हणजे 'रामाकडून आंबा खाल्ला गेला', ज्याला मराठी व्याकरणात नवीन कर्मणी म्हणतात. मुलीला 'ने' बघून नाही, 'कडून' आणि 'गेला' बघून विचार करायला शिकवा, गाडी रुळावर येईल.

तिचं वाक्य होतं 'दे लाफ्ड ॲट हिम', तिने केलं 'ही वॉज लाफ्ड बाय देम' आणि बाईंनी लाल पेनाने गोल केला. उत्तर आहे 'ही वॉज लाफ्ड ॲट बाय देम'. ॲट आणि बाय शेजारी शेजारी आले की मुलांना चुकल्यासारखं वाटते आणि ते एक खाऊन टाकतात. पण 'लाफ ॲट' हे जोडीने येणारं क्रियापद आहे, त्याचं शेपूट तोडायचं नाही. 'द डॉक्टर लुक्ड आफ्टर हर' चंही तसंच, 'शी वॉज लुक्ड आफ्टर बाय द डॉक्टर'. आणि यादीतलं 'ही हॅज अ बायसिकल' याचं पॅसिव्ह करायला दिलं असेल तर ते होत नाही. मालकी दाखवणाऱ्या हॅवचं पॅसिव्ह करत नाहीत, तसंच 'ही रिझेंबल्स हिज फादर' आणि 'धिस पेन कॉस्ट्स टेन रुपीज' यांचंही नाही. ऑब्जेक्ट दिसला की पॅसिव्ह होतंच असं नाही, हे तिला सांगून ठेवा.

टेन्समध्ये आपल्या नागपूरच्या मुलांना एक फायदा आहे आणि तो मी नेहमी वापरते. आपण 'मी शाळेत जातो' आणि 'मी शाळेत जाऊन राहिलो' हे दोन वेगळे बोलतो, रोजची गोष्ट आणि आत्ता चाललेली गोष्ट. म्हणजे 'आय गो' आणि 'आय ॲम गोइंग' आपल्या तोंडात आधीच आहे. मुलं घरी असं बोलली की काही लोक त्यांना टोकतात, शुद्ध बोला म्हणून, मला ते आवडत नाही, निदान इंग्रजी शिकवताना तरी हे बोलणं सोन्यासारखं उपयोगी पडतं. फक्त एका ठिकाणी ते दगा देतं. आपण 'मला समजून राहिलं', 'मला दिसून राहिलं' असंही म्हणतो आणि मग मूल 'आय ॲम अंडरस्टँडिंग', 'आय ॲम सीइंग द बोर्ड' असं लिहितं. नो (म्हणजे माहीत असणं), अंडरस्टँड, बिलीव्ह, वाँट, बिलाँग या क्रिया नसून अवस्था आहेत, त्यांना साधारणपणे आयएनजी लावत नाहीत. 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' चूक, पण 'आय ॲम हॅविंग लंच' बरोबर, कारण तिथे हॅव म्हणजे जेवणं, ती क्रिया आहे. पुन्हा तेच बघा, शब्द नाही, काम.

दुसरी मराठीतून येणारी चूक म्हणजे 'होतो'. आपण सहज म्हणतो 'मी काल बर्डीला (सीताबर्डीच्या बाजारात) गेले होते', आणि मूल लिहितं 'आय हॅड गॉन टू बर्डी येस्टरडे'. इंग्रजीत नुसतं काल झालं तर 'आय वेंट' पुरतं. हॅड गॉन तेव्हाच, जेव्हा भूतकाळातल्या दोन गोष्टी आहेत आणि त्यातली एक आधी झाली हे दाखवायचं आहे, 'द ट्रेन हॅड लेफ्ट व्हेन वी रीच्ड द स्टेशन'. मुलीला विचारायचा प्रश्न एकच, दुसरी गोष्ट कुठे आहे? दुसरी गोष्ट सापडत नसेल तर हॅड काढून टाक.

आणि अनटिल, अनलेस. 'मी येत नाही तोपर्यंत थांब' हे अगदी चांगलं मराठी आहे, त्यातला 'नाही' उचलून 'वेट अनटिल आय डोन्ट कम' झालं की चुकलं. अनटिल आणि अनलेस यांच्या पोटात नकार आधीच आहे, वेगळा द्यायचा नाही. 'वेट अनटिल आय कम', 'अनलेस यू वर्क हार्ड, यू विल फेल'. क्वेश्चन टॅगमध्येही मराठीच आडवी येते, आपलं एकच 'ना?' सगळीकडे चालतं, त्यामुळे मूल सगळीकडे 'इझन्ट इट' लावत सुटतं. तिथे नियम सोपा आहे, वाक्यातलं सहायक क्रियापद उचला, उलटं करा, सर्वनाम लावा. अडचणीची चार वाक्यं मात्र वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवायला सांगा: 'आय ॲम लेट, आरन्ट आय?', 'लेट्स गो, शॅल वी?', 'ही हार्डली कम्स, डझ ही?', 'नोबडी कॉल्ड, डिड दे?' शेवटच्या दोघांत नॉट दिसत नाही पण हार्डली आणि नोबडी हे नकारच आहेत, म्हणून टॅग होकारी.

नो सूनरबद्दल एवढंच, की डिड आला की पुढचं क्रियापद मूळ रूपात येतं. 'नो सूनर डिड ही रीच होम दॅन इट स्टार्टेड रेनिंग.' मुलं 'डिड ही रीच्ड' लिहितात आणि दॅनच्या जागी व्हेन लिहितात, व्हेन हा हार्डलीचा जोडीदार आहे.

डिग्रीचे, म्हणजे तुलनेच्या वाक्यांचे प्रश्न तिला आपल्या उन्हावरच करायला द्या, पटकन बसतात. 'नागपूर इज वन ऑफ द हॉटेस्ट सिटीज इन इंडिया' हे सुपरलेटिव्ह. कंपॅरेटिव्ह 'नागपूर इज हॉटर दॅन मोस्ट अदर सिटीज इन इंडिया', पॉझिटिव्ह 'व्हेरी फ्यू सिटीज इन इंडिया आर ॲज हॉट ॲज नागपूर'. यातला 'वन ऑफ' विसरला तर सगळं बिघडतं, कारण 'द हॉटेस्ट' एकटं असेल तर मग 'एनी अदर सिटी' आणि 'नो अदर सिटी' येतं. आणि वाक्य 'चंद्रपूर इज हॉटर दॅन नागपूर' एवढंच असेल तर त्याचं सुपरलेटिव्ह होतच नाही, दोघांतली तुलना आहे, फक्त 'नागपूर इज नॉट ॲज हॉट ॲज चंद्रपूर' होतं. तिच्या वहीत 'सो हॉट ॲज' लिहिलेलं आहे आणि गाइडमध्ये 'ॲज हॉट ॲज', नॉटनंतर दोन्ही चालतात, त्यावरून भांडू नका.

व्होकॅब्युलरीचा प्रश्न आला की पुन्हा तीच अट, वाक्य द्या. फेअरचा अर्थ काय? दुकानात फेअर प्राइस, रंगाला फेअर, हवामानाला फेअर, आणि गावात भरतो तो फेअर म्हणजे जत्रा. समानार्थी शब्द सापडला की तो त्याच वाक्यात बसवून वाचायला लावा. 'थिन'ला डिक्शनरीत 'स्लिम'ही सापडतो आणि 'स्किनी'ही, पण स्लिम म्हटलं की कौतुक झालं आणि स्किनी म्हटलं की हिणवल्यासारखं झालं, धड्यातल्या आजारी म्हाताऱ्याला स्लिम म्हणून चालत नाही. उपसर्गावरही आंधळा भरवसा ठेवायचा नाही. 'इन' म्हणजे नाही असं पाठ केलेली पोरं 'इनव्हॅल्युएबल' म्हणजे किंमत नसलेलं असं लिहितात, त्याचा अर्थ नेमका उलटा, अमूल्य. 'इनफ्लेमेबल' म्हणजेही पेट न घेणारं नाही, पटकन पेट घेणारं.

डिक्शनरी कोणती, असं तुम्ही विचारलं आहे. इंग्रजी-मराठी घरात असू द्या, पण नववीपासून एक लर्नर्स डिक्शनरी हवीच. ऑक्सफर्डची ॲडव्हान्स्ड लर्नर्स ही ए. एस. हॉर्नबी यांनी जपानमध्ये इंग्रजी शिकवता शिकवता तयार केली, 1942 मध्ये ती तिथेच पहिल्यांदा निघाली. म्हणजे ती मुळातच ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही त्यांच्यासाठी आहे. तिच्यात शब्द कोणत्या कामात कोणता अर्थ देतो हे वेगवेगळं दिलेलं असतं आणि प्रत्येक अर्थाला वाक्य असतं. मुलीला सांगा, पहिला अर्थ उतरवून मोकळं व्हायचं नाही, आपल्या वाक्यासारखं वाक्य कोणत्या अर्थाखाली आहे ते शोधायचं. सुरुवातीला वेळ लागेल, लागू द्या.

आता फिगर्स ऑफ स्पीच, आणि खरं सांगायचं तर मला सगळ्यात जास्त जीव याच भागात आहे. इथे मुलं नाव आधी शोधतात. यादी पाठ असते, सिमिली, मेटाफर, पर्सॉनिफिकेशन, मग ओळ समोर आली की त्यातलं एक नाव टाकून बघतात. मी उलटं करायला लावते. आधी ओळ अगदी शब्दशः वाच आणि सांग, खरोखर असं घडू शकतं का? नाही घडत तर कोणता शब्द खटकला? मग त्या शब्दातून खरं काय म्हणायचं आहे? आणि सगळ्यात शेवटी नाव. यात तुमचं मराठी तुम्हाला पुरतं, कारण आपण शाळेत अभिधा, लक्षणा, व्यंजना शिकलो आहोत. 'बाबा ताटावर बसले' यात बाबा खरोखर ताटात बसले नाहीत हे आपल्याला सांगावं लागत नाही ना, मग इंग्रजी ओळीलाही तोच प्रश्न विचारायचा.

एकच विषय घेऊन दाखवते, मे महिन्यातली आपली दुपार. 'द सन इज लाइक अ फर्नेस' ही सिमिली, तुलना उघड आहे. 'द सन इज अ फर्नेस' हे मेटाफर, सूर्य भट्टीच आहे असं म्हटलं, आपलं रूपक. 'द सन ग्लेअर्ड अँग्रिली ॲट द सिटी' हे पर्सॉनिफिकेशन, रागाने बघणं हे माणसाचं काम, आपली चेतनगुणोक्ती. 'ओ सन, हॅव मर्सी ऑन अस!' ही अपॉस्ट्रॉफी, जो ऐकू शकत नाही त्याला समोर असल्यासारखी हाक मारली, आणि दयाही मागितली म्हणून पर्सॉनिफिकेशनही आहेच. 'वी आर बीइंग रोस्टेड अलाइव्ह' ही हायपरबली, अतिशयोक्ती. 'नागपूर स्टेड इनडोअर्स' मध्ये शहराचं नाव घेऊन शहरातली माणसं म्हटली आहेत, ही मेटॉनिमी, 'अख्खं गाव लोटलं' म्हणतो तशी. 'वी स्पेंट अ थर्स्टी आफ्टरनून' यात तहान दुपारला नाही, आपल्याला लागली आहे, विशेषण माणसावरून उचलून दुपारवर ठेवलं, हे ट्रान्सफर्ड एपिथेट, पेपरात 'स्लीपलेस नाइट' असं हमखास येतं. आणि 'द सायलेंट, स्कॉर्चिंग, सनलिट स्ट्रीट' मध्ये स स स असा आवाज परत परत येतो, ते ॲलिटरेशन, म्हणजे अनुप्रास. दुपार तीच आहे, प्रत्येक वेळी भाषेने तिच्याशी वेगळं काहीतरी केलं. मुलीला असाच एक विषय द्या, पाऊस घ्या, फुटाळा तलावावरची संध्याकाळ घ्या, आणि तिला स्वतःला आठ ओळी लिहायला लावा. दुसऱ्याच्या कवितेत अलंकार ओळखायला यानंतर तिला कष्ट पडणार नाहीत.

काही जोड्या मात्र कायम घोळ घालतात. लाइक किंवा ॲज दिसलं की सिमिली, असं अजिबात नाही. 'ही वर्क्स ॲज अ क्लर्क' मध्ये तुलनाच नाही. 'शी लुक्स लाइक हर मदर' मध्ये तुलना आहे पण ती खरीखुरी, माणसाची माणसाशी, त्यात अलंकार नाही. सिमिलीला दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी लागतात. आणि मराठीत 'जणू' आलं की आपण उत्प्रेक्षा म्हणतो, उपमेपेक्षा वेगळी, पण इंग्रजीत 'ॲज इफ' आणि 'ॲज दो' वालं सगळं शाळेच्या पातळीवर सिमिलीतच जातं, तिथे उत्प्रेक्षेसाठी वेगळं नाव शोधत बसायचं नाही. ट्रान्सफर्ड एपिथेट आणि पर्सॉनिफिकेशन यांत गल्लत होते तेव्हा विचारायचं, हे विशेषण जवळपासच्या कोणत्या माणसाचं आहे? माणूस सापडला तर एपिथेट, वस्तूच माणसासारखं काही करून राहिली असेल तर पर्सॉनिफिकेशन. ऑक्सिमोरॉनमध्ये दोन विरुद्ध शब्द एकमेकांना चिकटून असतात, 'डेफनिंग सायलेन्स'. पॅराडॉक्समध्ये अख्खं विधान उलटं वाटतं पण आत सत्य असतं, 'द मोर यू गिव्ह, द मोर यू हॅव'. अँटिथेसिसमध्ये उलटं काहीच नसतं, फक्त दोन विरुद्ध कल्पना तोलून समोरासमोर ठेवलेल्या असतात, 'मॅन प्रपोझेस, गॉड डिस्पोझेस'.

ॲलिटरेशन आणि ऱ्हाइम स्कीम (ओळींच्या शेवटच्या यमकांची रचना) या दोन गोष्टी कानाच्या आहेत, डोळ्यांच्या नाहीत, आणि इथे देवनागरी आपल्याला भारी मदत करते. इंग्रजी स्पेलिंग फसवं असतं. लव्ह आणि मूव्ह यांची शेवटची तीन अक्षरं इंग्रजीत सारखी आहेत, म्हणून मूल त्यांना यमक मानतं. तेच शब्द देवनागरीत लिहायला लावा, लव्ह, मूव्ह, फरक डोळ्यासमोर येतो. उलट ब्लू आणि थ्रू यांचं स्पेलिंग कुठेच जुळत नाही पण देवनागरीत लगेच कळतं की यमक आहे. तसंच 'सिटी' आणि 'सन' यांचं पहिलं अक्षर वेगळं पण आवाज एक, त्यामुळे ॲलिटरेशन होतं, आणि 'सिटी' व 'कॅट' यांचं अक्षर एक पण आवाज वेगळा, होत नाही. कवितेच्या प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द मार्जिनमध्ये देवनागरीत लिहायचा, मग नवा आवाज आला की नवं अक्षर द्यायचं, ए, बी, सी असं. शेक्सपिअरच्या पद्धतीच्या चौदा ओळींच्या सॉनेटमध्ये ते एबीएबी सीडीसीडी ईएफईएफ जीजी असं येतं, शेवटच्या दोन ओळी जोडीने. हाच प्रकार केशवसुतांनी मराठीत आणला आणि आपण त्याला सुनीत म्हणतो. आपण तर सुरेश भटांच्या गावात राहतो, ज्या घरात गझल ऐकली जाते तिथल्या मुलांना काफिया, म्हणजे गझलेतलं यमक, कुठे जुळला आणि कुठे निसटला हे कानानेच कळतं, तोच कान इंग्रजी कवितेला लावायचा.

उत्तर लिहिताना नुसतं 'पर्सॉनिफिकेशन' लिहून सोडू देऊ नका. नाव, मग ओळीतला कोणता शब्द, मग तो तिथे काय करतो, एवढी दोन वाक्यं हवीत. 'द विंड इज सेड टू व्हिस्पर, विच इज अ ह्यूमन ॲक्शन' असं लिहिलं की मार्क कापायला जागाच राहत नाही, आणि मुख्य म्हणजे तिला स्वतःला कळतं की आपण अंदाज नाही मारला.

मोबाइलवरच्या उत्तरांबद्दल. मी ती बंद करा असं म्हणत नाही, रात्री दहा वाजता कोणाला विचारणार. पण आधी तिचं स्वतःचं उत्तर पेन्सिलने लिहिलेलं पाहिजे, मग विचारायचं, तेही पूर्ण वाक्यासकट आणि 'का' विचारून. ज्या उत्तरात कारण नाही ते घ्यायचं नाही. ॲप आणि गाइड भांडले तर वर सांगितलेल्या कसोट्या लावा, 'इट' ठेवून बघा, शेवटचा शब्द देवनागरीत लिहून बघा, दुसरी गोष्ट शोधून बघा. तरी नाही सुटलं तर दोन्ही उत्तरं घेऊन बाईंकडे पाठवा, चांगल्या शिक्षकाला असा प्रश्न आवडतो. आणि जिथे दोन रूपं खरंच चालतात तिथे परीक्षेत वर्गात शिकवलेलं लिहावं, उगाच पेपर तपासणाऱ्याला विचारात पाडू नये.

यादीतला शेवटचा प्रश्न राहिला, त्यावर तुमच्या घरी तीन मतं झाली असं तुम्ही लिहिलं आहे. 'ही इज वन ऑफ द बॉईज हू वर्क हार्ड' की 'वर्क्स हार्ड'? नियमाने 'वर्क'. 'हू' कुणाला चिकटला आहे ते बघा, त्याच्या लगेच आधी बॉईज आहे, मेहनत करणारी मुलं बरीच आहेत आणि हा त्यांच्यातला एक. बोलताना बरेच जण वर्क्स म्हणून जातात, शाळेच्या पेपरात मात्र वर्क लिहायचं. पण वाक्य 'ही इज द ओन्ली वन ऑफ द बॉईज हू वर्क्स हार्ड' असं असेल तर 'वर्क्स', कारण आता मेहनत करणारा एकटाच उरला आणि 'हू' त्या 'वन'ला चिकटला. दोन्ही वाक्यं तिला एकाखाली एक लिहून द्या आणि 'हू'पासून ज्याच्याबद्दल बोलतो आहे त्या शब्दापर्यंत पेन्सिलने बाण काढायला सांगा.